लोणारच्या काठावर नववी ‘ब’

पहाटे ४.३०

सहलीच्या दिवशी गजराची गरज पडत नाही, त्याआधीच कुण्या तरी पालकाचा फोन येतो. आज एका आजींचा आला. “मॅडम, पोरीला गाडी लागती, तिला पुढं बसवा.” हौ म्हटलं आणि उठले. पाणी तापेपर्यंत पिशवी पुन्हा एकदा तपासली. संमतीपत्रांचं बाड, परवानगीच्या पत्राची झेरॉक्स, प्रथमोपचाराची पेटी, उलटीसाठी पिशव्या, आवळासुपारी, शिट्टी आणि सॅनिटरी पॅडची दोन पाकिटं. ही पाकिटं शाळेच्या सहल-साहित्याच्या यादीत नसतात. यादी करणाऱ्यांना ती कधी लागली नाहीत, एवढंच त्याचं कारण.

सकाळी ५.३०

हिंगोली आगाराची बस वेळेत आली. एसटी शाळांना प्रासंगिक करारावर गाडी देते, तीही निम्म्या भाड्यात, म्हणून आमच्यासारख्या गावात सहल निघू शकते. नाहीतर शेतमजुराच्या पोरानं लोणार टीव्हीतच पाहावं. मैदानात अंधार, धुकं, आणि कानटोप्या घातलेली बेचाळीस मुलं. दहा मुलांमागे एक शिक्षक या हिशेबानं आम्ही पाच जण. नावं वाचून गाडीत चढवलं, चढल्यावर डोकी मोजली. आज दिवसभर माझं मुख्य काम हेच असणार आहे, डोकी मोजणं. भूगोल मधल्या फटींमध्ये बसवायचा.

सहल लोणारच्या विवराला न्यायची हे ठरवताना स्टाफरूममध्ये बरीच ओढाताण झाली. बहुमत वेरूळ-शिर्डीच्या बाजूचं होतं, आणि मुलांना विचारलं तर ती एकमुखानं वॉटर पार्क म्हणाली. माझा हट्ट नववीच्या पुस्तकातल्या ‘बाह्य प्रक्रिया’ या पाठांमुळे. त्यात वाऱ्याचं काम येतं, भूछत्र खडक येतो, बारखाण येतं, म्हणजे सगळा वाळवंटी मामला. शिकवताना मी अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या आर्चेस राष्ट्रीय उद्यानाचे फोटो मोबाइलवर दाखवले होते. दोन हजारांवर नैसर्गिक कमानी, लाल वालुकाश्माच्या, १९७१पासून राष्ट्रीय उद्यान. मुलं खूप वेळ बघत राहिली आणि मग तो प्रश्न आलाच, “मॅडम, आपल्याकडं कामून नाहीत असे दगड?”

प्रश्न रास्त आहे. तिथं वालुकाश्माच्या खाली मिठाचे जाड थर आहेत. मीठ दाबाखाली सरकतं, फुगतं, वरचा खडक समांतर भेगांनी चिरत जातो. त्या भेगांत पाणी शिरतं, थंडीत गोठतं, कणांना धरून ठेवणारा चुना विरघळवतं. आधी पातळ भिंती उरतात, मग भिंतींना भोकं पडतात आणि कमान तयार होते. ती पडतेही. २००८च्या ऑगस्टमध्ये तिथली ‘वॉल आर्च’ एका रात्रीत कोसळली. आपला खडक बेसॉल्ट, लाव्हा थिजून झालेला. तो असा कोरला जात नाही. त्याच्या पायऱ्या होतात, त्याचे पापुद्रे सुटलेले गोल धोंडे होतात आणि शेवटी त्याची काळी माती होते.

पण खरा फरक मला वेगळाच वाटतो. वाळवंटात खडक उघडा असतो. झाड नाही, माती नाही, त्यामुळे वाटसरूलाही थर दिसतात. आपल्याकडं त्याच्यावर काळी माती, तिच्यावर सोयाबीन, हळद, तूर. पायाखालचा कातळ आपल्याला दिसतो तो विहिरीत, खदानीत नाहीतर नदीच्या पात्रात. कुठंतरी जमीन कापलेली असल्याशिवाय तो दिसतच नाही. आणि घरापासून शंभर किलोमीटरच्या आत, कुण्या यंत्राशिवाय कापली गेलेली एवढी मोठी जागा असताना मुलांना वॉटर पार्कला न्यायचं, हे माझ्या गळी उतरेना.

सकाळी ६.४५

नर्सी नामदेव मागं पडलं तेव्हा उजाडायला लागलं. संत नामदेवांचं हे गाव, कयाधू नदीच्या काठचं. बसमध्ये नामाचा गजर झाला, मग लगेच सैराटमधली गाणी. दोन्हींत सूर तोच, आवाज तेवढाच. बाहेर हळदीची पानं पिवळी पडून लोळायला लागलेली. अजून महिनाभरानं काढणी सुरू होईल आणि वर्गातली हजेरी निम्म्यावर येईल.

सकाळी ८.१५

सेनगाव ओलांडून रिसोड. म्हणजे मराठवाडा संपून विदर्भ लागला. मुलांनी खिडकीतून बाहेर बघून काही फरक दिसत नाही असा निर्वाळा दिला, आणि भूगोलाची शिक्षिका म्हणून मला तो पूर्ण मान्य आहे. मुलींसाठी बसस्थानकातलं स्वच्छतागृह आधी मी जाऊन पाहिलं, मगच त्यांना सोडलं. डोकी मोजली. आजींची नात पुढच्या बाकावर आवळासुपारी चघळत शांत बसलेली.

सकाळी ९.३०

लोणार गावाजवळ आलो तशी बस हलक्या चढाला लागली. मी शिट्टी वाजवली आणि मुलांना खाली बघायला सांगितलं. खाली म्हणजे रस्त्याकडेच्या मातीकडे. हा चढ डोंगराचा नाही. आदळलेल्या उल्केनं खड्ड्यातून बाहेर फेकलेला मालमसाला इथं पडला, काठापासून सव्वा किलोमीटरच्याही पुढपर्यंत. विवराचा काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा साधारण वीस मीटर उंच आहे तो त्यामुळेच. सहली येतात त्या थेट काठावर उतरतात, सेल्फी काढतात आणि ‘केवढं मोठं’ म्हणून परत जातात. ज्या ढिगावर आपण उभे आहोत तो कुणी पाहत नाही.

मग काठ आला, आणि पाच मिनिटं मी काहीही बोलले नाही. बोलून उपयोग नव्हता. पावणेदोन किलोमीटरच्या वर रुंद, जवळपास गोल, काठापासून खाली सुमारे १४० मीटरवर हिरवट पाणी, त्याभोवती झाडीचा पट्टा. मुलं गप्प झाली होती. त्यानंतर पहिला प्रश्न अपेक्षित तोच, “गुलाबी कुठं हाय?”

२०२०च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झालं आणि देशभर बातम्या झाल्या. पाणी आटून खारटपणा वाढला की मिठात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावतात आणि त्यांच्यातल्या रंगद्रव्याने पाण्याला रंग येतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासून हेच सांगितलं. पावसानं पाणी वाढलं तसा रंग गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात हे सरोवर रामसर पाणथळ यादीत गेलं, पण त्याला गुलाबी रंगाइतकं कौतुक मिळालं नाही. मुलं नाराज झाली. मोबाइलवर जे पाहिलं ते समोर नाही म्हणजे फसवणूकच, असा चेहरा.

आता कामाला लागलो. मागच्या आठवड्यात आम्ही गावाबाहेरच्या बंद पडलेल्या खदानीत गेलो होतो. प्रत्येक गटाकडे एक उपकरण होतं, कंपासपेटीतला कोनमापक उलटा धरायचा, मध्यबिंदूला दोरा बांधायचा, दोऱ्याला सायकलचा नट. कोनमापकाची कड थराशी जुळवली की दोरा थराचा कल दाखवतो. खदानीत सगळ्यांचा कल शून्य, फार तर दोन अंश. थर आडवे, एकावर एक, जसे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरून थिजले तसेच. मुलांना कंटाळा आला होता. “सगळीकडं शून्यच येतंय, मॅडम.” मी म्हटलं, वहीत लिहून ठेवा.

आज तेच कोनमापक काठाखालच्या भिंतीकडे धरले. इथं पाच-सहा थर उघडे आहेत. वरचे थर आडवे नाहीत. ते बाहेरच्या बाजूला कललेत, विवराच्या मध्यापासून दूर. कुणाचा कल अठरा अंश, कुणाचा सव्वीस. दोन गटांचं भांडण लागलं, मग त्यांनी जागा बदलून पुन्हा मोजलं. तोपर्यंत गाइड येऊन उभा राहिला होता, त्याचं ठरलेलं भाषण थांबवून तोही बघत राहिला.

“आपल्या गावात शून्य, इथं वीस. कुणी वाकवलं?” मी विचारलं.

उत्तर मुलांच्या तोंडून यायला वेळ लागला, पण आलं. खालून काहीतरी वर आलं असेल तर मधे डोंगर हवा, तो नाही. वरून जोरात काही आदळलं असेल तर कडा उचलल्या जातील. मोठमोठ्या माणसांनाही हे एका झटक्यात सुचलेलं नाही. १८२३मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं या जागेची नोंद केली, त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षं बहुतेकांना हा ज्वालामुखीचाच प्रकार वाटत होता. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात असंच एक विवर आहे, सुमारे १.२ किलोमीटर रुंद. तिथं गिल्बर्ट नावाचा नामांकित भूवैज्ञानिक १८९१मध्ये गेला आणि उल्का नव्हे, वाफेचा स्फोट असा निष्कर्ष काढून परतला. पुढं १८९६मध्ये त्यानं त्या विवराची सांगड घातली ती आपल्या लोणारशीच. तिथं उल्का पडली हे शूमेकरनं १९६०मध्ये सिद्ध केलं. लोणारचा निकाल १९७३मध्ये लागला. अमेरिकेतली स्मिथसोनियन संस्था आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांनी इथं भोकं पाडली, तळ्याखाली सुमारे शंभर मीटर गाळ लागला, आणि त्याखाली चिरडलेला खडक आणि धक्क्यानं काचेसारखी झालेली खनिजं. असा धक्का ज्वालामुखी देत नाही.

अ‍ॅरिझोनाचं विवर वालुकाश्म आणि चुनखडीत आहे, लोणार बेसॉल्टमध्ये. चंद्रावरचे काळे डाग बेसॉल्टचे, मंगळाचा बराच पृष्ठभागही बेसॉल्टचा. म्हणून तिकडचा खड्डा समजून घ्यायला जगभरातले शास्त्रज्ञ बुलढाणा जिल्ह्यात येतात. हे ऐकल्यावर नववी ‘ब’ची छाती थोडी फुगली. खडक आपलाच आहे ना.

गाइडनं ‘५२ हजार वर्षांपूर्वी’ म्हटलं आणि एका मुलीनं ते लिहून घेतलं. मी तिला शेजारी ‘५ लाख ७० हजार’ असंही लिहायला लावलं. पहिला आकडा आघातानं झालेल्या काचेच्या उष्णता-प्रकाशावरून काढलेला, दुसरा आर्गॉन वायूच्या मोजणीवरून. दुसरा आता जास्त मानला जातो. “मग परीक्षेत कोणता लिहायचा?” या प्रश्नाला मी दरवेळी खोकते.

सकाळी ११.१५

उतरण. शिट्टी, रांग, पुढं पीटीचे सर, मागं मी. पायवाट दगडधोंड्यांची आहे आणि उतरताना गुडघ्यांची परीक्षा घेते. वानरं झाडांवरून खाऊच्या वासावर लक्ष ठेवून. डबे वर बसमध्येच ठेवले होते ते याच कारणानं, आणि प्लॅस्टिक खाली जाऊ नये म्हणूनही. हे वन्यजीव अभयारण्य आहे, २०००पासून.

अर्ध्या वाटेवर एक मुलगा थांबला. हात भिंतीला लावून उभा. त्याचे वडील विहिरी खोदतात, उन्हाळ्यात तोही यारीवर असतो, म्हणून मार्चनंतर शाळेत दिसत नाही. मला वाटलं दमला. “मॅडम, हे मांजऱ्या हाय,” तो म्हणाला. हाताखालचा खडक भोकाभोकांचा, मऊसर. वर बोट दाखवून म्हणाला, “त्याच्यावर काळा पाषाण. मधी ही लाल पट्टी. आमच्याकडं बी असंच लागतं. मुरूम, मग मांजऱ्या, मग पाषाण, पाषाणात सुरुंग लावावा लागतो. लाल पट्टी लागली की बाबा म्हणतात, आता खाली परत मांजऱ्या येणार, पाणी लागंल.”

मी सगळ्यांना थांबवलं आणि त्याला परत सांगायला लावलं. लाव्हाचा प्रत्येक थर वर वायूच्या बुडबुड्यांनी जाळीदार होतो, पोटात घट्ट असतो. दोन थरांमध्ये बराच काळ गेला तर वरच्या भागाची झीज होऊन लाल माती बनते आणि पुढच्या लाव्हानं ती भाजली जाते. जाळीदार भागात पाणी मुरतं. हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं, तेव्हा हा मुलगा खाली मान घालून बसला होता. आज त्यानं आकृतीशिवाय शिकवलं. भोकांमध्ये पांढरे स्फटिक चमकत होते, मुलं ती गारगोटी उकरायला लागली. अभयारण्यातून दगड नेता येत नाही हे सांगितल्यावर चार खिसे रिकामे झाले. पाचवाही झाला, चित्रकलेच्या सरांचा.

“ही तर विहीरच हाय, लई मोठी,” तो मुलगा निघताना म्हणाला. “फक्त बांधकाम नाही.”

दुपारी १२.३०

तळाशी हवा बदलते. काठावरचा वारा इथं नाही, आणि पाण्याजवळ कुजका, गंधकासारखा वास. मुलींनी ओढण्या नाकाला लावल्या. लिटमस कागद शाळेच्या प्रयोगशाळेतून आणले होते. तांबडा क्षणात निळा. या पाण्याचा सामू आजवर साधारण दहाच्या आसपास मोजला गेलाय, त्यात निळं-हिरवं शेवाळ फोफावतं. पूर्वी इथला खार काढून विकला जाई. आइन-ए-अकबरीतही या जागेचा उल्लेख आहे, काच आणि साबणाला लागणारा माल इथं मिळतो म्हणून. मुलांना खारापेक्षा सासू-सुनेच्या विहिरीत जास्त रस. एकाच विहिरीत एकीकडं गोडं, एकीकडं खारं पाणी अशी तिची ख्याती. सासू कुठली आणि सून कुठली यावर मुलींमध्ये जोरदार चर्चा झाली, निकाल मात्र लागला नाही.

कमळजादेवीचं देऊळ पाण्याच्या काठाशी. तिथं डोकी मोजली. बेचाळीस.

वाळूत लोहचुंबक फिरवायला सांगितला होता, तो काळ्या कणांनी केसाळ झाला. मॅग्नेटाइट. हे लोणारचं वेगळेपण नाही, आपल्या ओढ्यातही हेच निघतं, करून बघा म्हटलं.

दुपारी २.००

चढ. याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. आजींची नात सगळ्यांच्या पुढं होती.

दुपारी ३.००

वर येऊन डबे सोडले. भाकरी, ठेचा, तिळाची चटणी, धपाटे, कुणाकडं बिस्किटाचा पुडाच. वाटून खाल्लं. मग धार. गोमुखातून पडणारं गोडं पाणी, बारा महिने, खाऱ्या तळ्याच्या डोक्यावर. याच पाण्यानं ईशान्येकडचा काठ झिजवून घळ केली आहे. पुस्तकातलं ‘नदीचं कार्य’ दहा पावलांत दिसतं.

गावातल्या दैत्यसूदन मंदिरात मात्र वेळ कमी पडला. चालुक्य काळातलं, तारकेसारख्या तलविन्यासाचं, बाहेरून नखशिखांत कोरलेलं. लवणासुर जमिनीखाली लपून बसला होता, विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं झाकण उडवलं आणि त्याला मारलं, ही लोणारची कथा. उल्केची गोष्ट कळायच्या कितीतरी आधी इथल्या माणसांनी ही जागा पाहून जमीन उघडली गेली एवढं ओळखलं होतं, याचं मला नवल वाटतं. मूर्तिकलेवर बोलायला इतिहासाच्या मॅडम हव्या होत्या, त्या आल्या नाहीत. औंढा नागनाथचं देऊळ आमच्या मुलांनी पाहिलेलं आहे, त्यामुळे दगड कोणता हे त्यांना विचारावं लागलं नाही.

दुपारी ४.३०

गाडी सुटली. पंधरा मिनिटांत निम्मी मुलं झोपली. जागी होती त्यांच्यातल्या एकीनं भूकंपाचा विषय काढला. १० जुलै २०२४ला सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ रिश्टरचा धक्का बसला होता, तेव्हा भांड्यांचा आवाज होऊन सगळे बाहेर पळाले होते. “आपला खडक एवढा घट्ट हाय तर हलतो कामून?” त्यावरून औंढ्याजवळ होऊ घातलेल्या लायगो-इंडियावर गाडी आली. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी पकडणार. केंद्रानं २०२३मध्ये २,६०० कोटींची मंजुरी दिली. एवढं नाजूक यंत्र धक्के बसणाऱ्या जिल्ह्यात कशाला, हा तिचा पुढचा प्रश्न. मी म्हटलं, यंत्राला त्रास रोजच्या हादऱ्यांचा जास्त. रेल्वे, कारखाने, वाहतूक. ते आपल्याकडं कमी. “म्हणजे कारखाने नाहीत ते बरंच झालं का?” ती म्हणाली, आणि मी चहाला थांबायची वेळ झाली का ते ड्रायव्हर काकांना विचारलं.

सायंकाळी ६.१५

रिसोड. चहा, बिस्किटं, स्वच्छतागृह, डोकी.

रात्री ८.३०

शाळेच्या फाटकाशी मोटारसायकलींचे दिवे. एकेका मुलाला पालकाच्या हाती देऊन सही घ्यायची. गाडी रिकामी झाल्यावर बाकांखाली पाहायचं. एक कानटोपी, एक डबा, तीन कोनमापक. उद्या मुख्याध्यापकांना सहलीचा अहवाल आणि हिशेब द्यायचाय. अहवालाचा छापील नमुना आहे. त्यात ‘भेट दिलेली स्थळे’साठी चार ओळी आहेत आणि ‘खर्च’साठी पान.

शेवटी उरला विहीरवाल्याचा मुलगा. त्याचे वडील कामावरून थेट आले होते, कपड्यांवर दगडाची पांढरी पूड. मुलानं त्यांना मांजऱ्याचं आधीच सांगून टाकलं होतं. ते माझ्याकडं वळले. “मॅडम, बरडावर एक विहीर चालू हाय. सात परस गेलो, कालच लाल पट्टी लागली. आठ दिवसांत बांधकाम सुरू व्हईल, मग भिंत झाकून जाईल. पोरांना दाखवायचं असंल तर त्याच्या आत आणा. काठावर जाळी लावून देतो.”

सोमवारी नववी ‘ब’ला चौथा तास भूगोलाचा आहे, पाचवा पीटीचा. पीटीचे सर अजून गाडीतून उतरत होते, त्यांना तिथंच गाठलं.